परदेशी बनावटीचा स्पेअर पार्ट: घेण्याआधी, बसवण्याआधी आणि नंतर काय तपासावे

खोक्यावर कुठल्या देशाचे नाव आहे ते पाहून पार्टची किंमत ठरवणारे दोन प्रकारचे लोक असतात. एकाला ठरावीक देशाचे नाव दिसले की तो खोके परत सरकवतो. दुसऱ्याला त्याच्या विश्वासातल्या देशाचे नाव दिसले की तो आत काय आहे हेही बघत नाही. दोघांचीही फसगत होऊ शकते. टाकाटा ही जपानी कंपनी जगातल्या नामांकित गाड्यांना एअरबॅग पुरवत होती. तिचे सदोष इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे गॅसचे डबे) मोठ्या संख्येने अमेरिका आणि मेक्सिकोतल्या कारखान्यांत बनले होते. आतले अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडत गेले आणि एअरबॅग उघडताना धातूचे डबे फुटून तुकडे माणसांच्या अंगात घुसले. कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. उलट बॉश, डेन्सो, व्हॅलिओ यांसारख्या पुरवठादारांचे कारखाने अनेक देशांत आहेत. तुमची गाडी नवीन असताना तिच्यात बसवलेले कितीतरी पार्टही समुद्र ओलांडूनच आले असतील.

म्हणून पार्ट घेताना मी दोनच गोष्टी शोधतो. त्याची मापे, धातू आणि चाचण्या कोणी ठरवल्या? आणि तो निकामी झाला तर जबाबदारी घ्यायला कोण उभे आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांची उत्तरे काढण्यासाठी आहेत.

नकलेत नेमके काय हरवते

गाडी बनवणारी कंपनी पुरवठादाराला पार्टचे रेखाचित्र देते. त्यात मापाबरोबर मापात किती फरक चालेल, धातू कोणता, त्याला उष्णता देऊन किती खोलवर कठीण करायचे, रबराचे मिश्रण कसले, किती वेळा वाकवून चाचणी घ्यायची, हे सगळे असते. मंजुरी मिळाल्यावर पुरवठादाराला परस्पर काही बदलता येत नाही. माल बदलायचा, साचा बदलायचा किंवा कारखाना दुसरीकडे हलवायचा, तर पुन्हा मंजुरी घ्यावी लागते.

बाजारासाठी स्वतंत्रपणे पार्ट बनवणाऱ्याकडे हे रेखाचित्र बहुधा नसते. तो मूळ पार्ट विकत घेतो, मोजतो आणि तसाच बनवतो. समजा त्याला पिन २०.०२ मिलिमीटरची भरली. पण मूळ रेखाचित्रात २०.०० ते २०.०३ एवढी मुभा होती की १९.९८ ते २०.०२, हे त्या एका पिनवरून कळत नाही. आकार डोळ्यांना दिसतो. रबर पाच वर्षांनी तडकेल का, बॉल जॉइंटच्या पिनचा पृष्ठभाग किती खोलपर्यंत कठीण आहे, हे दिसत नाही. चांगले उत्पादक यासाठी प्रयोगशाळा चालवतात, अनेक नमुने तपासतात आणि कधी मूळ पार्टमधली उणीव सुधारूनही देतात. वाईट उत्पादक आकारावर थांबतात.

दुसरी अडचण जास्त त्रासदायक आहे. पहिली खेप उत्तम येते, गिऱ्हाईक खूश होते आणि मग कुठेतरी एक थर, एक मिश्रण गुपचूप कमी होते. अमेरिकेत २००७ मध्ये एका आयातदाराने चीनमध्ये बनलेले टायर परत बोलावले होते. स्टीलच्या पट्ट्यांमध्ये असायला हवी ती गोंदासारखी रबरी पट्टी काही टायरांत नाही किंवा अपुरी आहे, असे त्याचे म्हणणे होते. कारखान्याने ते नाकारले. सुरुवातीला साडेचार लाखांपर्यंत टायरांचा अंदाज सांगितला गेला होता. ही पट्टी बाहेरून दिसूच शकत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेला चांगला अभिप्राय आजच्या खेपेची हमी देत नाही. शिवाय काही ब्रँड स्वतः काहीच बनवत नाहीत. ते वेगवेगळ्या कारखान्यांतून माल घेऊन आपल्या खोक्यात भरतात. नंबर तोच, खोके तेच, कारखाना यंदा निराळा.

पहिली पायरी: नेमका नंबर काढा

परदेशी पार्टबद्दलच्या कितीतरी तक्रारी खरे तर चुकीच्या पार्टच्या असतात. मॉडेल आणि वर्ष सांगून पार्ट मागू नका. एकाच वर्षात, एकाच मॉडेलमध्ये दोन मापांच्या ब्रेक डिस्क किंवा दोन प्रकारचे बेअरिंग असू शकतात. गाडीचा १७ अक्षरी चॅसिस नंबर द्या आणि त्यावरून गाडी कंपनीचा मूळ पार्ट नंबर काढून घ्या. तो नंबर पुढे बदलला असेल तर नवा नंबरही लिहून ठेवा, कारण बदल अनेकदा जुन्या पार्टमधला दोष काढण्यासाठी केलेला असतो. मग या नंबरवरून बाकीच्या ब्रँडचे समकक्ष नंबर शोधा, तेही त्या त्या ब्रँडच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये. विक्रेत्याने लिहिलेल्या ‘सर्व मॉडेलना चालेल’ या ओळीवर भिस्त ठेवू नका.

दुसरी पायरी: निकामी झाला तर काय होईल?

केबिन फिल्टर, वायपर, दाराची कडी, ट्रिमची क्लिप यांत स्वस्त पर्याय घ्यायला हरकत नाही. फार तर लवकर बदलावा लागेल. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, अल्टरनेटर, फ्युएल पंप, सेन्सर हे तुम्हाला रस्त्यात अडकवतात आणि काही वेळा मोठे नुकसान करतात. टायमिंग बेल्ट मी याच गटात पण अगदी वरच्या टोकाला ठेवतो, कारण अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वळवणारी आयडलर पुली एकाच नामांकित उत्पादकाच्या संचात घ्यावेत.

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचे सांधे, व्हील बेअरिंग, टायर यांचा गट वेगळा. इथे माहीत नसलेल्या ब्रँडचा पार्ट घ्यायचाच नाही. एअरबॅग आणि सीट बेल्टचे भाग तर गाडी कंपनीच्या अधिकृत साखळीबाहेरून घेऊच नयेत, याबाबत मला तिळमात्र शंका नाही. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने २०१२ मध्ये बनावट एअरबॅगबद्दल इशारा दिला होता, आणि २०२४ मध्ये परदेशात बनलेल्या असाव्यात अशा स्वस्त, निकृष्ट इन्फ्लेटरमुळे झालेल्या मृत्यूंनंतर पुन्हा दिला. एअरबॅग उघडून तपासता येत नाही आणि तिची परीक्षा एकदाच होते. अपघातातून दुरुस्त झालेली जुनी गाडी घेत असाल तर एअरबॅग पूर्वी कधी उघडली होती का आणि ती कोणी बदलली, हे कागदोपत्री विचारा.

तिसरी पायरी: खोक्यामागे कोण आहे

गाडी कंपनीच्या खोक्यात येतो तो पार्ट एक. तोच पार्ट बनवणारा मूळ पुरवठादार स्वतःच्या नावाने विकतो तो दुसरा. पैसे आणि दर्जा यांचा मेळ मला इथे सर्वांत चांगला बसलेला दिसतो. कधी कधी त्यावरचे गाडी कंपनीचे चिन्ह घासून काढलेले असते. ते पाहून घाबरू नका, चिन्ह वापरण्याचा हक्क नसल्यामुळे ते काढलेले असते. मात्र पुरवठादाराचे स्वतःचे नाव आणि तारखेचा कोड जागेवर असायला हवा. त्यानंतर स्वतंत्र उत्पादक येतात, ज्यांच्यात अव्वल ते अगदी टाकाऊ असा सगळा पसारा आहे. शेवटी बनावट माल, म्हणजे दुसऱ्याचे नाव चोरून विकलेला. स्वतःच्या नावाने पार्ट विकणारा स्वतंत्र उत्पादक आणि नाव चोरणारा यांना एका मापाने मोजू नका.

स्वतंत्र ब्रँडबाबत चार गोष्टी बघा. त्याची स्वतःची वेबसाइट आणि कॅटलॉग आहे का, पार्टची मापे त्यात छापली आहेत का, हमी कोण देते आणि ती लेखी आहे का, आणि पूर्वी एखादी सदोष खेप त्याने उघडपणे परत बोलावली आहे का. शेवटची गोष्ट मी त्याच्या बाजूने धरतो. ज्याला आपली कुठली खेप कुठे गेली हे माहीत असते, तोच ती परत बोलावू शकतो.

चौथी पायरी: खुणा वाचायला शिका

वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि त्याच्या शेजारी आकडा ही संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांखालची मंजुरीची खूण आहे. १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन, ४३ जपान. हा आकडा मंजुरी देणारा देश सांगतो. पार्ट तिथे बनला असा अर्थ काढू नका. दिवे, आरसे, टायर, काचा, ब्रेक पॅड यांवर ही खूण शोधा. पर्यायी ब्रेक पॅडसाठी नियम क्रमांक ९० आहे आणि मंजुरी क्रमांकात ‘९०आर’ दिसतो. त्याखाली पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत जुळावी लागते, आणि पाठीच्या पत्र्यावरून घर्षणाचा थर सुटत नाही ना याचीही चाचणी होते. खोक्यावर खूण आणि पॅडवर नाही, असे असेल तर तो पॅड परत करा.

पॅडच्या कडेला आणखी एक कोड असतो, ज्याच्या शेवटी दोन अक्षरे येतात. पहिले अक्षर थंड असतानाची पकड सांगते, दुसरे तापल्यानंतरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफएफ’ पॅड तापूनही त्याच श्रेणीत राहतो, ‘एफई’ पॅडची पकड तापल्यावर घसरते. घाटात उतरणाऱ्या किंवा ओझे वाहणाऱ्या गाडीला ‘एफई’ मी घेणार नाही. ही चाचणी छोट्या तुकड्यावर प्रयोगशाळेत होते, त्यामुळे पॅड किती टिकेल किंवा किती आवाज करेल हे या अक्षरांवरून ठरवू नका.

टायरवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. लांबचा समुद्रप्रवास आणि गोदामातला मुक्काम झालेल्या टायरबाबत हे वाचणे आवश्यकच आहे.

आयएटीएफ १६९४९ हे प्रमाणपत्र जाहिरातीत ठळकपणे मिरवले जाते. ते कारखान्याच्या कामकाज पद्धतीसाठी मिळते. तुमच्या हातातला पार्ट तपासून मंजूर केला आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

पाचवी पायरी: बनावट माल ओळखा

खरेदीची साखळी हा सर्वांत खात्रीचा पुरावा. ब्रँडच्या वेबसाइटवर अधिकृत वितरकांची यादी असते, विक्रेता त्यात आहे का ते पाहा. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत बाजारपेठेचे नाव बघून समाधान मानू नका. प्रत्यक्ष विकणारा कोण आहे ते उघडून बघा. स्पार्क प्लग, फिल्टर, बेअरिंग, ब्रेक पॅड यांची नक्कल भरपूर होते, कारण त्यांचा खप मोठा आहे.

बेअरिंगसाठी एसकेएफ आणि शेफलर यांची तपासणी ॲप आहेत, इतर अनेक ब्रँड खोक्यावर तपासता येईल असा कोड देतात. कोड स्कॅन केल्यावर उघडणारा पत्ता ब्रँडचाच आहे ना, हे मात्र वाचा. नकली खोक्यावरचा कोड नकली पानावर नेऊन ‘अस्सल’ असे सांगू शकतो. छपाईतल्या शुद्धलेखनाच्या चुका, पुसट अक्षरे, पार्टवर नंबरच नसणे, आणि सगळ्या विक्रेत्यांपेक्षा फारच कमी किंमत, यांपैकी एक जरी दिसले तरी खरेदी थांबवा.

सहावी पायरी: जुना आणि नवा शेजारी ठेवा

जुना पार्ट काढल्या काढल्या टाकून देऊ नका. दोन्ही शेजारी ठेवून वजन, जाडी, भोकांचे अंतर, दात्यांची संख्या, कनेक्टरच्या पिना जुळवा. मेकॅनिकला हे आधीच सांगून ठेवा.

ब्रेक डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. नव्या डिस्कची जाडी व्हर्नियरने मोजा आणि ती कॅटलॉगमधल्या मापाशी जुळवा. हवा जाण्यासाठीच्या पट्ट्या दोन्ही थरांच्या नीट मध्यावर आहेत का पाहा. एका बाजूचा थर जाड आणि दुसऱ्या बाजूचा पातळ असेल तर ओतकामाच्या वेळी साचा सरकला आहे. अशी डिस्क तापल्यावर सारखी पसरत नाही. बसवल्यावर डायल गेजने तिची डुगडुग मोजता येते. बहुतेक गाड्यांत मर्यादा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, पण अंतिम आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा.

ब्रेक पॅडमध्ये पत्रा आणि घर्षणाचा थर यांच्या सांध्यावर नजर टाका. फट, भेग, किंवा पत्र्याला आधीच गंज दिसला तर घेऊ नका. गंज थराखाली शिरून त्याला पत्र्यावरून उचलतो. फुप्फुसांना घातक असलेल्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीबद्दलही सावध राहा. ऑस्ट्रेलियात त्याच्यावर २००३ च्या अखेरीस पूर्ण बंदी आली, तरी २०१२ मध्ये तिथे आयात झालेल्या काही चिनी गाड्यांच्या गॅस्केटमध्ये (जोडांमधल्या सीलमध्ये) ते सापडले आणि हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जुने लायनिंग किंवा गॅस्केट काढताना धूळ हवेच्या नळीने कधीच उडवू नका. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती बसवून पुसा.

सस्पेन्शनचा आर्म हातात घ्या. घडाई केलेल्या आर्मवर साच्याच्या जोडाची रेघ रुंद पट्टीसारखी दिसते, ओतकामावर ती बारीक असते. मूळ आर्म घडाईचा आणि नवा ओतकामाचा असेल तर तो पार्ट वेगळा आहे, किंमत कितीही आकर्षक असो. बॉल जॉइंट सगळ्या बाजूंना सारख्याच घट्टपणे फिरला पाहिजे. मध्येच सैल लागला तर नाही म्हणा. सांध्यावरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, चिमटीत धरून ताणा, घडीत बारीक चिरा दिसतात का बघा.

व्हील बेअरिंगमध्ये एबीएससाठी एका बाजूला चुंबकीय कडे असते. स्वच्छ पेपरक्लिप जवळ नेली की ती हलकेच ओढली जाते, त्यावरून बाजू कळते. बेअरिंग उलटे बसले तर एबीएसचा दिवा लागतो आणि दोष पार्टच्या माथी मारला जातो. जोराचे चुंबक किंवा लोखंडी कीस त्याच्या जवळही आणू नका.

ऑइल फिल्टरच्या आतल्या बाजूला, भोकांखाली रबरी पडदा दिसतो. इंजिन बंद असताना तेल मागे जाऊ नये म्हणून तो असतो. तो कडक, वाकडा किंवा नसलाच तर सकाळी इंजिन सुरू करताना काही क्षण कोरडे खडखडते. तेलाला आडवाट देणारा व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो ते बाहेरून कळत नाही, म्हणून फिल्टर नेहमी नामांकित उत्पादकाचाच घ्यावा. त्यात वाचणारी रक्कम इंजिनाच्या तुलनेत काहीच नाही.

सेन्सरच्या बाबतीत हाताने कळण्यासारखे फारसे नाही. ऑक्सिजन सेन्सर आणि हवा मोजणारा सेन्सर यांत तारा तोडून जोडायचा सर्वसाधारण प्रकार टाळा, मूळ कनेक्टरसह येणारा घ्या. धूर शुद्ध करणाऱ्या स्वस्त कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू कमी वापरलेले असतात. काही महिन्यांत इंजिनाचा दिवा लागतो आणि पी०४२० हा कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड येतो.

सातवी पायरी: बसवण्यातल्या चुका पार्टवर ढकलू नका, आणि करूही नका

चांगला पार्टही चुकीच्या बसवणीने मरतो. सस्पेन्शनचे रबरी बुश हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. गाडी जॅकवर, चाक लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले, की गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. काही महिन्यांत ते फाटते आणि लोक म्हणतात परदेशी माल खराब होता. बोल्ट हाताने लावा, गाडीचे वजन चाकांवर येऊ द्या आणि मग ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) शेवटचे आवळा.

नवी डिस्क लावण्यापूर्वी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण साफ करा, नाहीतर निर्दोष डिस्कही डुगडुगेल. डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. एकदाच वापरायचे बोल्ट आणि नट नवे घ्या, टॉर्क रेंचशिवाय हब नट आवळू देऊ नका. नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, मध्यम वेगावरून पुन्हा पुन्हा वेग कमी करत त्यांना डिस्कवर बसू द्या. प्रत्येक वेळी थोडे थंड होऊ द्या. पॅड उत्पादकाने याची पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

आठवी पायरी: कागद आणि पाठपुरावा

बिल, खोके, खेपेचा क्रमांक आणि पार्टवरच्या खुणांचे फोटो जपून ठेवा. बसवतानाचे किलोमीटर लिहा. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर चाक उघडून पॅडची झीज दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, बूट कोरडे आहेत का, कुठे गळती आहे का हे पाहा. स्वस्त पार्टमधला दोष पुष्कळदा याच काळात डोके वर काढतो.

पार्ट निकामी झालाच तर तो विक्रेत्याच्या हाती लगेच देऊन टाकू नका. आधी फोटो काढा, मेकॅनिककडून लेखी नोंद घ्या आणि पार्ट दिल्याची पोच मागा. सुरक्षेशी संबंधित पार्ट असेल तर पैसे परत मिळाले तरी प्रकरण तिथे संपवू नका. ब्रँडला खेपेच्या क्रमांकासह कळवा आणि तुमच्या देशातल्या वाहन सुरक्षा यंत्रणेकडे तक्रार नोंदवा. खेप परत बोलावण्याचा निर्णय अशा नोंदी एकत्र आल्यावर होतो, आणि त्याच खेपेचा पार्ट या क्षणी आणखी कुणाच्या तरी गाडीत फिरत असतो.